छर्रे निवडायचे दिवस

पितृपंधरवडा संपून नवरात्र बसलं की आमच्या घरात चिंच भिजायला पडते. खंडेनवमीच्या आधी समया, ताम्हन, पंचपात्री, सगळं पितळ घासून निघालं पाहिजे हा सुलभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, नियम. स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी, त्यात चिंचेचा गोळा. तासाभरात तो आंबट, किंचित मातकट वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येतो. आम्ही कोपरला पश्चिमेला राहतो, खाडी फार लांब नाही. संध्याकाळी तिकडून वारा सुटला की त्या वासात खाऱ्या चिखलाचाही वास मिसळतो. आज सकाळी पातेलं ओट्यावर आलं. मी पेपर वाचत होतो आणि सुलभा माझ्याकडे पाठ करून चिंच कोळत होती. चार वर्षं झाली, चिंच भिजते त्या दिवशी आम्ही कामापुरतंच बोलतो.

मला त्या वासाबरोबर आणखी एक वास येतो, जो आता घरात कुठेच नाही. शिशाचा. शिशाला वास नसतो असं कुणी म्हणेल, पण दोन तास शिशाचे छर्रे चिमटीत धरल्यावर बोटं नाकाशी न्या. ओलसर जुन्या नाण्यांना येतो तसला, थंड वास. साबणानं दोनदा हात धुतले तरी तो नखांच्या कडेला राहायचा.

आमची मुलगी जुई तेव्हा अकरावीत होती आणि हवेच्या रायफलनं दहा मीटरवर नेम मारायची. आठवीत शाळेच्या शिबिरात तिनं पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि मग ती सुटली नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. साठ गोळ्या, आणि संघात यायला किमान सहाशे बारा गुण. जून महिन्यात जेवताना जुईनंच सांगून टाकलं होतं, "या वेळी झालं तर झालं. नाही झालं तर रायफल विकून टाकू. मग बारावी." आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती भातावर ताक ओतत होती. असं काही बोलताना माणसाच्या आवाजात जे यावं लागतं ते तिच्या आवाजात नव्हतं. सुलभा म्हणाली, "बघू गं." जुई म्हणाली, "बघू नाही. ठरलं."

त्यामुळे त्या वर्षीचा पाऊस आणि पावसानंतरची ती ऑक्टोबरची चिकट उष्णता माझ्या आठवणीत एकाच आकड्याखाली जमा आहे. सहाशे बारा.

मी ठाण्याला एका कंपनीत कॉस्टिंगचं काम करतो. एखादा नट बनवायला किती पोलाद, किती वीज, कामगाराची किती मिनिटं, हे मांडत बसायचं. माणूस जे काम करतो तसाच होतो. जुईच्या या नादातही मी आकडेच शोधत गेलो. परदेशात मोठ्या रायफलींच्या महागड्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून लोक घरच्या घरी गोळ्या भरतात. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा घ्यायची, दारू तोलून भरायची, वर नवी गोळी बसवायची. आपल्याकडे असलं काही घरी करायची मुभा नाही आणि ती नाही हेच बरं. पण त्या लोकांचे इंटरनेटवरचे वाद मी महिनोन् महिने वाचले. हे परवडतं का, एवढाच वाद. एक म्हणतो, निम्मे पैसे वाचतात. दुसरा म्हणतो, यंत्राचे पैसे धर, मग बोल. तिसरा म्हणतो, तुझा वेळ धर. वेळ धरला की सगळे गप्प होतात. मग कुणीतरी म्हातारा लिहितो की पैसे कधीच वाचत नाहीत, माणूस तेवढ्याच पैशात जास्त गोळ्या उडवतो इतकंच. वाचता वाचता मला या अनोळखी लोकांविषयी आपलेपणा वाटायला लागला होता. मूळ प्रश्नाचं उत्तर त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी ते तोलत बसले होते.

हवेच्या रायफलीत दारू नसते. बोटाच्या पेराएवढाही नाही असा शिशाचा छर्रा, कंबरेशी बारीक, मागे घागऱ्यासारखा पसरलेला. जुई आणि तिचे सर त्याला पेलेट म्हणत. सुलभा पहिल्यापासून छर्रा म्हणायची, आणि घरात तोच शब्द राहिला. परदेशी बनावटीच्या छर्ऱ्यांच्या एका डबीच्या पैशात देशी चार डब्या यायच्या. परदेशी डबीतला प्रत्येक छर्रा दुसऱ्यासारखा. देशी डबीत मात्र वजनं इकडेतिकडे असत, फार नाही, काही मिलिग्रॅम. पण दहा मीटरवर टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यात गोळी घालायची, तर मिलिग्रॅमचंही काही असेलच ना, असं मला वाटलं. माझ्यासारख्या माणसाला असं वाटलं की तो वजनकाटा आणतोच.

सोनार वापरतात तसला छोटा काटा मी आणला. एकेक छर्रा चिमट्यानं उचलायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा. पंखा बंद, कारण वाऱ्यानं आकडा हलतो. पहिल्या दिवशी वजनाप्रमाणे वेगळे ठेवायला मी इडलीपात्र काढलं. खळगे मोजून होते, सोयीचे होते. सुलभा आली आणि दारातच थांबली.

"ते काय आहे?"

"वजनाप्रमाणे लावतोय."

"ते कळलं. शिसं विषारी असतं ना? तुम्हीच सांगितलंत जुईला, हात धुतल्याशिवाय खायचं नाही म्हणून. आणि इडलीपात्र?"

इडलीपात्र त्या दिवशी भंगारात गेलं. त्याऐवजी तिनं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या काढून दिल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. दर संक्रांतीला येतात, कुणी फेकत नाही, कुणी वापरत नाही. "घ्या," ती म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा उपयोगाला येतायत."

मग रविवारी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसायला लागली. काट्याशी तिला काही घेणं नव्हतं. ती ताटात छर्रे पसरायची आणि तांदळातले खडे काढावेत तसे कड वाकलेले, चपटलेले, खरवडलेले छर्रे बोटानं बाजूला सारायची. ताटावर टिक टिक असा बारीक आवाज व्हायचा. तिची नजर माझ्या काट्यापेक्षा जलद होती. "मी निवडून देते, तुम्ही तोला," असं आमचं ठरून गेलं. शेजारच्या वहिनी एकदा साखर मागायला आल्या आणि विचारू लागल्या, "काय निवडताय?" सुलभा म्हणाली, "जुईला." वहिनींना काही कळलं नाही, आम्ही दोघं मात्र बराच वेळ हसत होतो.

हिशेब मी मांडला होता. चार देशी डब्यांतून साधारण एका डबीभर एकसारखे छर्रे निघत. उरलेले रोजच्या सरावाला. म्हणजे पैसे वाचत होते, माझा आणि सुलभाचा वेळ शून्य धरला तर. ऑफिसात मी कुणाचंही एक मिनिट शून्य धरत नाही. घरी धरलं. खरं सांगायचं तर मला तिथं बसायचंच होतं. कारण आतल्या खोलीत जुई रायफल घेऊन रिकाम्या भिंतीसमोर उभी असायची. गोळी न भरता, तासन् तास. तिकडे बघवत नसे. जाड कॅनव्हासचं जॅकेट, जाड विजार, कपाळावरून घाम डोळ्यात उतरतोय आणि ती पुसत नाही. उभं राहायचं, श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि मनासारखं वाटलं नाही तर रायफल खाली घ्यायची. परत. माझ्या मुलीला माझ्या घरात मी कशातच मदत करू शकत नव्हतो. अभ्यासात करू शकलो असतो, ताप आला तर औषध देऊ शकलो असतो. इथं मी फक्त छर्रे तोलू शकत होतो.

एकदा ती पाणी प्यायला बाहेर आली. बाटली तोंडाला लावून तिनं वाट्यांकडे पाहिलं.

"बाबा, तू हे नको ना करत जाऊ."

"का? कंटाळा येत नाही मला."

"तसं नाही रे." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "छर्रे थोडे वेडेवाकडे असले ना, की नऊ पूर्णांक काहीतरी आला तर वाटतं, असेल, छर्रा तसा असेल. आता सगळे सारखेच. मग चुकलं की चुकलेलं माझंच."

मी हसलो. म्हणालो, "अगं, तेच तर हवं. मग सुधारता येतं." ती "हं" म्हणाली आणि आत गेली. दार पूर्ण लावलं नाही, अर्धं लोटलं.

सराव ठाण्याच्या कोपरीला, एका शाळेच्या तळघरासारख्या हॉलमध्ये. ओल आलेल्या भिंती, एका टोकाला दिव्यांखाली कागदी ठिपके, दुसऱ्या टोकाला लाकडी टेबलं आणि मुली. मागे आईबापांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. फट् असा कोरडा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग परत फट्. तिथले गायकवाड सर दिवसा बँकेत नोकरी करत आणि सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवत. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "जुईचे बाबा." एकदा मी त्यांना माझी वजनांची वर्गवारी सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "करत राहा."

"फरक पडतो ना सर?"

"तुम्हाला पडतो ना? मग करत राहा." आणि पुढच्या मुलीचं कोपर सरळ करायला गेले. मागच्या खुर्चीवरचा एक बाप मला म्हणाला, "सर असंच बोलतात. माझा तर उपास चालू आहे. त्यालाही सर म्हणाले, करत राहा."

खाडीकाठच्या दमट हवेत शिसं टिकत नाही, हे मला माहीत नव्हतं. चाचणीसाठी मी सर्वांत जुळलेले शंभरेक छर्रे एका वेगळ्या डबीत काढून ठेवले होते. नवरात्रात डबी उघडली तर त्यांच्यावर पांढुरकी साय धरली होती, दुधावर धरते तशी पातळ. मी रुमालानं एक पुसला, साय निघाली. बाकीचे नंतर पुसू म्हणून डबी देवघराच्या फळीवर ठेवली आणि ऑफिसला गेलो. ती फळी कोरडी राहते म्हणून ठेवली. खंडेनवमीला रायफलीची पूजा होणारच होती, तेव्हा डबीही तिथंच बरी, असंही मनात होतं.

सुलभाचं माहेर ठाण्याचंच, खाडीवरच्या कोळ्यांचं. तिच्या घरी खंडेनवमी म्हणजे मोठं काम. मासळी कापायच्या सुऱ्या, विळ्या, कोयते, होडीवरचं लोखंड, सगळं आदल्या दिवशी चिंचेनं घासायचं. घासलेल्या सुरीला बोट लावलं तर ती बोट धरते, असं तिचे वडील म्हणायचे. गंजलेलं, काळवंडलेलं हत्यार पूजेला ठेवायचं नाही. त्या वर्षी घासायचं काम नवमीच्या दिवसावरच गेलं होतं. दुपारी ती पितळ घासायला बसली, फळीवरची डबी उघडली आणि तिला आपल्या लेकीचे छर्रे पांढरे पडलेले दिसले.

मी संध्याकाळी आलो तेव्हा पाटावर लाल कापड होतं, कापडावर रायफल, रायफलीला झेंडूची माळ, आणि पुढे ताम्हनात छर्रे. काळपट, ओलसर. ती खूश होती. "बघा, कसली बुरशी धरली होती. चिंचेच्या कोळात ठेवले आणि तांदूळ धुतात तसे चोळून धुतले. पातेलं टाकून दिलं, हातही साबणानं धुतले. आता लखलखतील वाळल्यावर."

मी एक उचलला. छर्ऱ्याची मागची कड कागदासारखी पातळ असते. ती एका बाजूला दबली होती. दुसरा उचलला. तिसरा. मी तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण मी काटा काढला. आकडे कुठे दोननं उतरले होते, कुठे पाचनं. सुलभा माझ्या मागे उभी राहून काट्याच्या हिरव्या आकड्यांकडे बघत होती. तिला मिलिग्रॅम कळत नाहीत असं नाही.

"खराब झाले?"

"थोडे."

"थोडे म्हणजे किती?"

तेवढ्यात जुई क्लासहून आली. तिनं ताम्हन पाहिलं, माझा काटा पाहिला, आईचा चेहरा पाहिला. चपला काढता काढता म्हणाली, "आई, तू त्यांना आंघोळ घातलीस?" सुलभा रडायलाच लागली. जुई जवळ गेली, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "अगं, ठीक आहे. नवीन आणू. छर्रेच आहेत ना." मग तिनंच रायफलीला हळदकुंकू वाहिलं, नळीला लागू न देता, लाकडाला. आरती झाली. त्या आरतीत माझ्या तोंडून शब्द निघत होते आणि डोक्यात दुकानं फिरत होती.

दसऱ्याला लोक सोनं घेतात, मी शिसं घेतलं. टेंभी नाक्याच्या मागे एका जुन्या इमारतीत नेमबाजीचं सामान विकणारे एक गृहस्थ होते. नाक्यावर मंडपाचे बांबू, फुलवाले, आपट्याच्या पानांचे ढीग, आणि माणसांना ढकलल्याशिवाय पाऊल पुढे पडत नव्हतं. मी घामानं निथळत जिना चढलो आणि परदेशी डबी मागितली, एका ठरावीक बॅचची. प्रत्येक रायफलीला एखादीच बॅच मानवते, असं मी वाचलं होतं.

"बॅच?" ते म्हणाले. "साहेब, हापूस आहे का हा, की देवगडचाच पाहिजे? आहे ती एकच डबी आहे. सणाचं आलात, घेऊन जा."

मी घेतली. जिना उतरताना वाटलं, चार महिने मी ज्या पैशांसाठी तोलत बसलो, ते शेवटी दिलेच.

इथं मला मधले दिवस सोडून पुढे जायला हवं, कारण सुलभाच्या बाबतीत एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. चाचणी होऊन गेल्यावर आठवड्यानं मी गायकवाड सरांकडे गेलो. बरोबर तीन डब्या नेल्या. टेंभी नाक्याची परदेशी, न निवडलेली देशी, आणि चिंचेत धुतलेली. म्हटलं, सर, मला फक्त समजून घ्यायचंय. त्यांनी कारण विचारलं नाही. रायफल लाकडी चौकटीत घट्ट आवळून बसवली, म्हणजे माणसाचा हात मध्ये नाही, आणि प्रत्येक डबीतले दहा-दहा छर्रे एकाच जागी मारले. कागद आणून माझ्या हातात दिले.

परदेशी डबीचं एकच गोल भोक. देशीचं किंचित मोठं, कडेला थोडं फाटलेलं. चिंचेतल्या छर्ऱ्यांचं त्याहून थोडंसं मोठं. पण तेही सगळं दहाच्या वर्तुळात.

"जुईचे बाबा," सर म्हणाले, "एवढ्यात कुणाची निवड अडत नाही. आणि तिनं तर परदेशीच मारले. छर्ऱ्यानं जेवढं हलतं त्याच्या कितीतरी पट माणूस हलतो. श्वास असतो, नाडी असते."

"मग हे निवडणं वगैरे सगळं..."

"वर पोहोचलेली मुलं करतात. त्यांना पाव गुणाचाही उपयोग असतो." त्यांनी पुढे काही म्हटलं नाही. मला वाटतं, मुद्दाम म्हटलं नाही.

ते तीन कागद मी घरी आणून सुलभासमोर ठेवले. सांगितलं, बघ, तुझ्या चिंचेनं काहीही झालेलं नाही. धुतलेले मारले असते तरी हेच झालं असतं. आणि ते तर तिनं मारलेही नाहीत. तिनं कागद हातात घेतले, उजेडाकडे धरले, तिन्ही भोकांतून आरपार पाहिलं.

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"अगं, हे समोर आहे."

"ऐन चाचणीच्या तोंडावर तिचं मन गेलं ना त्यात," ती म्हणाली. "ते या कागदावर कुठे येतंय?"

मनाचं वजन करायचा काटा नाही असलं काही मी म्हणणार नाही, तसलं बोलणं मला जमत नाही. एवढंच की जी गोष्ट माझ्या हातात होती ती मी आटोकाट केली, आणि ती गोष्ट मोजून पाहिली तर तिचा उपयोग नव्हता. ज्या गोष्टीचा उपयोग होता ती कुणाच्याच हातात नव्हती, बहुधा जुईच्याही. त्या म्हाताऱ्या गोळीभऱ्यांना कुणी विचारलं की हे परवडतं का, तर ते यंत्राच्या किमती सांगत बसायचे. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, परवडत नाही. छर्रा बारीक असतो आणि ते काम संपत नाही. तुम्ही तोलत बसता तोवर मूल भिंतीसमोर एकटं उभं असतं. आणि तुम्ही तोलायचं थांबवलंत तरी ते एकटंच उभं असतं. म्हणून कदाचित तोललेलं बरं. मी हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून पाहिला आहे, तो जुळत नाही.

जुई आता पुण्याला शिकते. रायफल कल्याणच्या एका मुलीनं घेतली. परवा फोनवर मी सहज विचारलं, तिथं कॉलेजात नेमबाजीची रेंज आहे म्हणे? ती म्हणाली, "आहे ना. ग्रंथालयाच्या मागे." मग ती म्हणाली, "आईला दे फोन." त्या आवाजातही काही नव्हतं, जूनमध्ये ताक ओतताना नव्हतं तसंच.

चाचणीच्या दिवशी सुलभा आली नाही. म्हणाली, मी घरी बरी. चाचणीच्या मोठ्या हॉलमध्ये मुलींची रांग, प्रत्येकीसमोर छोटा पडदा, आणि आमच्या खुर्च्यांकडे तोंड केलेला एक मोठा पडदा, ज्यावर प्रत्येक गोळीचे गुण येत होते. गुण मोजता मोजता हात बिघडतो, म्हणून जुईच्या पडद्यावरच्या एकूण बेरजेवर सरांनी कागदी चिकटपट्टी लावली होती. तिला फक्त त्या त्या गोळीचा आकडा दिसायचा. मला सगळं दिसत होतं. आणि मी बेरीज न करता बसूच शकत नाही.

सहाशे बाराला प्रत्येक गोळीला सरासरी दहा पूर्णांक दोन लागतात. पहिल्या दहा बऱ्या गेल्या, किंचित कमी. मग दुसऱ्या दहा, तिसऱ्या दहा. वाईट एकही नाही, फक्त जरा जरा कमी. तिसाव्या गोळीनंतर लागणारी सरासरी दहा पूर्णांक साडेतीन दशांशावर गेली. सरावात तिनं एवढं कधीतरी केलेलं होतं. चाळिसाव्यानंतर दहा पूर्णांक पाच. तेव्हा मी खुर्चीची कड धरली. सर भिंतीला टेकून उभे होते, त्यांची नजर पडद्याकडे नव्हती, तिच्या पायांकडे होती. पन्नासावी गोळी झाली. पाचशे दोन पूर्णांक चार. उरल्या दहा. एका गोळीला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ मिळतात, म्हणजे दहा गोळ्यांना एकशे नऊ. तिला लागत होते एकशे नऊ पूर्णांक सहा.

मी परत बेरीज केली. तेवढीच आली.

मग उरलेल्या दहा गोळ्या जुईनं मारल्या. मी आयुष्यात एवढं हळू काही पाहिलेलं नाही. प्रत्येक गोळीला ती रायफल उचलायची, गाल टेकवायची, श्वास अर्धा सोडायची. एकदा मनासारखं झालं नाही म्हणून रायफल खाली घेतली, बोटं विजारीला पुसली, डोळे मिटून उभी राहिली, आणि परत उचलली. तिच्या मानेवरून घामाचा एक ओघळ जॅकेटच्या कॉलरमध्ये उतरत होता. तिच्यापासून पंधरा पावलांवर मी बसलो होतो. उठून सांगता येत नव्हतं की बस कर, पुरे झालं. करत राहा असंही सांगता येत नव्हतं. शेजारचा उपासवाला बाप माझ्याकडे वळून कुजबुजला, "अजून चान्स आहे ना?" मी मान डोलावली.

साठावी गोळी मारून तिनं रायफल टेबलावर ठेवली, एक डोळा झाकायची पट्टी काढली आणि मागे वळली. चेहरा लालबुंद झालेला. माझ्याजवळ आली. पडद्यावरची चिकटपट्टी तिनं काढली नव्हती.

"किती झाले, बाबा?"

"मोजलं नाही गं," मी म्हणालो.

आमच्या घरात या वाक्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही. ती वाकून जॅकेटचे पट्टे एकेक सोडवायला लागली.

"बरं," ती म्हणाली.